रिकामी वाटी, रिकामा कंस

आमच्या यांचा आवाज लॅपटॉपमध्ये राहतो, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग हळूच विषय बदलतात. बाईचं वय झालं, असं वाटत असणार. म्हणून आधी तेच नीट सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. घोळ मला स्वतःला अजून पुरता कळलेला नाही, ते वेगळं.

हे संगमनेरच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारायचं काम. ‘अकोले, राजूरमार्गे भंडारदरा जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.’ सगळी नोकरी त्या आवाजावर झाली. बाजारात हे नुसतं ‘मेथी कशी दिली?’ म्हणाले तरी शेजारची बाई पिशवी सावरायची, गाडी लागली की काय म्हणून. तो आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव ठेवला, आवाज नेला. मी त्या वेळी म्हटलं, चालेल, मला जीव पाहिजे.

तेव्हा आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायची. कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकायची आणि माझ्या हातची आमटी खायची. तिनं यांच्यासाठी एक प्रोग्रॅम केला. मराठीत टाईप करायचं, एंटर दाबायचं, की लॅपटॉप बोलतो. कुणीतरी फार वर्षांपूर्वी परदेशात लिहून सगळ्यांना फुकट ठेवलेला एक बोलका प्रोग्रॅम होता, तो तिनं घेतला आणि त्याला मराठी शिकवलं. आवाज पुरुषाचा, पण पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. सुरुवातीला मला रडू यायचं. मग सवय झाली. मग तर हे त्या आवाजात माझ्याशी भांडायला लागले, आणि भांडण झालं की माणूस आपला वाटतोच.

मी शाळा सातवीपर्यंत शिकले. पुढचं जे आलं ते वाणसामानाच्या पुड्या वाचत, लायब्ररीतली पुस्तकं आणत आलं. ती मुलगी प्रोग्रॅम लिहायला बसली की मी शेजारी मटार सोलत बसायची आणि विचारायची, हे काय, ते काय. ती सांगायची. ती शिकून परदेशात नोकरीला गेली तेव्हा मला म्हणाली, “मावशी, आता काकांच्या आवाजाच्या डॉक्टर तुम्हीच.” मी हसले. मला काय ठाऊक, खरंच दवाखाना उघडायला लागेल!

आता यांच्या बहिणीचं सांगते. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. यांच्याहून बरीच मोठी, आई लवकर गेली म्हणून हिनंच यांना कडेवर वाढवलेलं. ती अकोले तालुक्यात, वर डोंगरात, धरणाच्या बाजूच्या एका वाडीत असते. कमरेनं अधू झाली, अंथरुणाला खिळली, आणि डोळे गेले. पण कान आणि जीभ, दोन्ही अजून धारेवर आहेत. यांचा आवाज गेल्यावर आम्ही जीप करून तिच्याकडं गेलो होतो. हिनं यांचा हात घट्ट धरला, यांनी दुसऱ्या हाताने टाईप केलं, आणि लॅपटॉप बोलला, “आक्का, मी हाय.” आक्का दचकली. मग यांच्या पाठीवर, मानेवर, तोंडावर हात फिरवून तिनं खात्री केली आणि म्हणाली, “लई सर्दी झालीया याला.” तेव्हापासून तो पत्र्याचा आवाज म्हणजे तिचा भाऊ. दर गुरुवारी बाजारच्या दिवशी तिचा मुलगा तिच्या कानाला मोबाईल लावायचा आणि हे इकडून बोलायचे. भात किती झालं, कोंबड्या किती राहिल्या, असलंच.

आणि दिवाळीनंतर हे जिन्यावरून पडले. हातात लॅपटॉप होता. पाय मोडला आणि लॅपटॉपही मोडला. माणसाला ओरडता येत नाही, तर हे पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होते. मी स्वयंपाकघरात. मला वाटलं, टीव्हीवर कुणाचा सत्कार चाललाय. असं आमचं.

पायाला प्लॅस्टर झालं. दुकानदारानं मोडक्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या, नव्या लॅपटॉपात सगळं उतरवून दिलं आणि वर नवी, अगदी ताजी सिस्टीम टाकून दिली. पण यांचा आवाज काही केल्या चालू होईना. एंटर दाबलं की नुसती इंग्रजीतली एक ओळ.

मला त्या मुलीनं पूर्वी सांगितलेलं आठवलं. प्रोग्रॅम दोन रूपांत असतो. एक म्हणजे माणसानं लिहिलेला मजकूर, तो जोंधळ्यासारखा. दुसरं म्हणजे मशीननं त्यातून तयार केलेली चालणारी वस्तू, ती पिठासारखी. दळून देतो त्याला कंपायलर म्हणतात आणि दळण्याला बिल्ड करणं. जुन्या गिरणीचं पीठ नव्या मशीनला चालेना, म्हणजे परत दळायचं. त्यात काय, एक शब्द टाईप करायचा, ‘मेक’. मी कितीदा केलं होतं. केलं.

दळण अर्ध्यात अडकलं. पडदा लाल अक्षरांनी भरला.

यांना बोलता येत नव्हतं म्हणून मी माळ्यावरून शाळेची पाटी काढून दिली होती. यांनी खाटेवरून लिहिलं, ‘काय म्हणतंय?’

“शिव्या देतंय,” मी म्हटलं.

‘कुणाला?’

“बहुतेक मला.”

त्याच दुपारी वाडीवरून भाच्याचा, म्हणजे आक्काच्या मुलाचा, फोन आला. मागं भात झोडण्याचा धपधप आवाज. “मामी, मामा बोलला का न्हाई या टायमाला?”

“अरे, मशीन बिघडलंय. तुला सांगितलं ना पाय मोडल्याचं.”

“मला म्हाइतीये हो. पर आय न्हाई ना ऐकत. ती म्हनती, मामा गेला आन तुमी लपवून ठिवलंय.”

मी त्याला घरात जाऊन फोन आक्काच्या कानाला लावायला सांगितला. “आक्का, अहो असं काय करताय, ते इथंच बसलेत, माझ्यासमोर.”

“मंग बोलंना का?”

“मशीन बिघडलंय, आक्का.”

“आई गेली तवाबी मला असंच सांगितलं हुतं. दवाखान्यात हाय, दवाखान्यात हाय. दोन गुरुवार दवाखान्यात ठिवली मला.” मग म्हणाली, “मेला आसंल तर मेला म्हना की. मी काय मानूस न्हाई?”

हे ऐकत होते. यांनी हाताने खूण केली, फोन इकडं दे. फोनजवळ तोंड नेलं, पण त्या गळ्यातून फक्त वारा येतो. मग टाळ्या वाजवल्या. आक्का म्हणाली, “टाळ्या कोन वाजवतंय? टाळ्या काय, कुनीबी वाजवील.”

तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्येही आजकाल मराठी बोलतं. बोलतं ना! वर नवीन राहायला आलेल्या शिक्षिकेनं तिच्या मोबाईलवर लावून दिलं. गोड आवाज, टापटीप मराठी. “नमस्कार आक्का, मी ठीक आहे.” पलीकडून आक्का म्हणाली, “ही कोन बया?” आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी भाच्यानं कळवलं, “मामी, आय भाकरीला शिवंना. कोरा चहा घेती आन भिंतीकडं तोंड करून निजती. त्या बाईनं तर लईच घोळ केला. ती म्हनती, मामा गेला आन मामीनं घरात दुसरी कुनीतरी आनून ठिवली.”

हे ऐकून यांना हसू आलं. मला नाही आलं. वय झालेलं माणूस खायचं सोडतं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. यांना जीपमध्ये घालून न्यावं तर मांडीपर्यंत प्लॅस्टर, घाटाचा रस्ता, डॉक्टर म्हणाले हलवायचं नाही. आक्काला खाली आणावं तर ती उठून बसू शकत नाही. राहिला तो पत्र्याचा आवाज. तोच पाहिजे होता.

मी चष्मा घेऊन बसले. लाल अक्षरं एकेक वाचली. इंग्रजी मला जेवढं येतं तेवढं सगळं छापील आणि सावकाश. पहिलीच ओळ सांगत होती की ‘गेट-एन्व्ह’ नावाच्या कामाबद्दल दोन म्हणणी आहेत आणि ती जुळत नाहीत. कॉन्फ्लिक्टिंग टाईप्स, असं.

हे ‘गेट-एन्व्ह’ काय प्रकरण आहे, ते सांगते. सिस्टीमजवळ स्वतःची काही तयार कामं असतात, सगळ्या प्रोग्रॅमना वापरायला. त्यातलं हे एक. याला एखाद्या गोष्टीचं नाव द्यायचं, की ते बाहेर विचारून ती गोष्ट घेऊन येतं. आपला प्रोग्रॅम याला विचारायला पाठवतो की आवाजाच्या फाईली कुठं ठेवल्यात. आता हे काम वापरण्याआधी सांगून ठेवावं लागतं की बाबा, या नावाचं काम आहे, त्याला हे द्यायचं, ते आपल्याला हे देईल. नावापुढं एक कंस असतो, त्यात काय द्यायचं ते लिहायचं. सिस्टीमच्या फाईलीत ते लिहिलेलं होतं. कंसात एक नाव द्या, असं. आणि आमच्या जुन्या प्रोग्रॅमात, अगदी वरच्या बाजूला, तेच परत लिहिलेलं होतं. पण कंस रिकामा.

मी यांना खाटेजवळ लॅपटॉप नेऊन दाखवलं. “बघा, एकाच कामाची दोन ठिकाणी माहिती, आणि दोन्ही वेगळ्या.”

यांचे डोळे चमकले. पाटीवर भराभर लिहिलं, ‘फलकावर फलाट दोन. भोंग्यावर फलाट चार. गाडी सुटणार कशी?’

“अगदी तेच! मग करायचं काय?”

यांनी विचारही केला नाही. ‘फलक पुसायचा.’

आता हे यांचं सगळ्या नोकरीचं धोरण. स्टँडवर लाकडी फलक असायचा, त्यावर खडूनं गाड्या लिहिलेल्या. यांनी भोंग्यावरून एकदा पुकारलं की पुकारलं. फलकावर वेगळं असेल तर शिपाई पळत जाऊन फलक पुसायचा. पुकारलेलं मागं घेतलं तर शंभर माणसं पोरंबाळं, गाठोडी घेऊन परत उलट्या दिशेनं पळतात, म्हणून. मला ते पटलेलं होतं. इतकी वर्षं ऐकतच आले. आमचा प्रोग्रॅम म्हणजे यांचा आवाज, म्हणजे भोंगा. सिस्टीमची फाईल म्हणजे फलक. सरळच होतं.

म्हणून मी फलक पुसला. सिस्टीमची ती फाईल सहजासहजी हात लावू देत नाही, पासवर्ड मागते. दिला. त्यातली ओळ आमच्यासारखी केली, कंस रिकामा. एवढं बरं की विणकामात टाका उसवायच्या आधी मी खूण बांधते, तशी जुनी ओळ मोडून टाकली नाही, पुढं दोन तिरक्या रेघा देऊन तशीच ठेवली; रेघा दिलेली ओळ मशीन वाचत नाही. आणि परत ‘मेक’.

पहिल्यापेक्षा दुप्पट लाल!

आता ते म्हणत होतं, या कामाला तुम्ही जास्त देताय. मी काय जास्त दिलं? मघाशी म्हणत होतं जुळत नाही, जुळवून दिलं, तर आता जास्त. आणि जिथं काही बोलायला जागा नव्हती अशा फाईलीपण रडायला लागल्या. मला घाम फुटला. मी पदरानं तोंड पुसत बसून राहिले. हे पाटीवर एक प्रश्नचिन्ह काढून ती पाटी छातीशी धरून बसले, फोटो काढायला बसल्यासारखे.

शेवटी त्या मुलीला फोन लावला, परदेशात. तिकडं सकाळ होती, ती ऑफिसला निघालेली, मागं बाळ रडत होतं.

“मावशी! काका बरे आहेत ना?”

“काका बरे आहेत, आवाज बरा नाही.” मी सगळं सांगितलं. फलकाचंही.

ती इतकी हसली की बाळ रडायचं थांबलं. “मावशी, तुम्ही सिस्टीमची फाईल बदलली? अहो, तो काही एकट्या काकांचा फलक नाही. त्या लॅपटॉपवरचे सगळे प्रोग्रॅम तोच वाचतात.”

“मग काका म्हणाले…”

“काकांना सांगा, तुमचा स्टँड नाही हा. आधी ती फाईल होती तशी करा. आणि मग प्रोग्रॅमच्या बाजूला बघा. पूर्वी त्या ओळीचं चालायचं हो, नवीन कंपायलरला मात्र ते…” आणि लिफ्टमध्ये शिरली वाटतं, फोन तुटला. परत लावला तर लागेना.

नवीन कंपायलरला ते काय? आवडत नाही? दिसत नाही? पूर्वी चालायचं आणि आता का नाही? ओळ तीच, अक्षर न् अक्षर तीच. मी काही बदललं नव्हतं. माझी खूण होती म्हणून सिस्टीमची फाईल परत होती तशी झाली, पण मीही परत होते तिथंच. पहिल्यासारखं लाल.

आणि त्या लाल ओळीत एक शब्द होता, त्यानं माझी भूक घालवली. ते म्हणत होतं, तुम्ही कंसात ‘वॉइड’ लिहिलंय. वॉइड म्हणजे काही नाही, काहीसुद्धा द्यायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण मी ती ओळ चष्मा पुसून पुसून बघितली. कंसात ‘वॉइड’ कुठंही नव्हतं. कंसात काहीच नव्हतं! यांना दाखवलं. यांनीही बघितलं. ‘नाही लिहिलेलं,’ यांनी लिहिलं. आणि खाली, ‘खोटं बोलतंय.’

“मशीन कशाला खोटं बोलेल?”

‘दुकानदाराचं आहे ना.’

मी म्हटलं, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, तुम्ही गप्प बसलेले बरे. आणि मग माझंच मला वाईट वाटलं, कारण ते गप्पच होते.

संध्याकाळी दूध तापवून ठेवलं आणि बघते तर विरजणाला दही नाही. ती मुलगी वर राहायची तेव्हा आमची एक रीत पडून गेली होती. मला काही लागलं की मी जिन्याच्या वरच्या पायरीवर वाटी ठेवायची. रिकामी. ती बघायची आणि जे असेल ते घालून खाली ठेवायची. संध्याकाळ असली तर विरजण, सकाळ असली तर चहाची साखर, तिला आपोआप कळायचं. नाही कळलं तर काहीतरी गोड. तिची वाटीही माझ्याकडं अशीच रिकामी यायची आणि भरून जायची. एकदा तर तिच्या वाटीत मी आमटी घातली, तिला पाहिजे होती हळद. ती आमटी खाऊन परत वाटी घेऊन आली.

त्या दिवशी डोक्यात सगळा गोंधळ, आणि हात आपला जुन्या सवयीनं गेला. मी वाटी घेतली, जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि परत येऊन लाल अक्षरांसमोर बसले.

थोड्या वेळानं शिक्षिका खाली आली. हातात माझी वाटी, घासूनपुसून लखलखीत.

“काकू, तुमची वाटी वर राहिली होती.”

मी वाटीत बघितलं. “अगं, यात काही नाही.”

“हो, रिकामीच होती. म्हणून मी धुऊन आणली.” आणि माझ्याकडं बघून ती जरा घाबरली. “का? काही पाहिजे होतं का?”

“विरजण पाहिजे होतं.”

“अय्या! मग वाटीत तसं… म्हणजे मला कसं कळणार काकू? रिकामी वाटी म्हणजे मला वाटलं, रिकामी वाटी.”

ती काही चुकीचं बोलली नाही. तिच्या गावाकडं मागायचं असेल तर मागतात. मीच वेडी. ती पळत वर गेली विरजण आणायला आणि मी वाटी हातात धरून तशीच उभी. हे पाटी वाजवून मला हाक मारत होते, ठक ठक ठक, काय झालं म्हणून. मी लॅपटॉपकडं बघत होते. तिथं तो रिकामा कंस, आणि खाली मशीनचं म्हणणं, तुम्ही लिहिलंय, काहीच द्यायचं नाही.

“अहो,” मी यांना म्हटलं, “हा कंपायलर नवीन भाडेकरू आहे.”

यांनी पाटीवर लिहिलं, ‘बस जरा. पाणी पी.’

“ऐका तर. जुन्या काळी ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला त्यानं कंस रिकामा ठेवला. म्हणजे काय? म्हणजे काय द्यायचं ते तुम्ही बघा, सांगायची गरज नाही. जुना कंपायलर जुन्या मुलीसारखा, त्याला कळायचं. सिस्टीमच्या फाईलीत ‘एक नाव द्या’ असं असलं तरी तो म्हणायचा, असेल, कंस रिकामा आहे, त्यात बसतं ते. आणि हा नवा म्हणतो, रिकामी म्हणजे रिकामी! काही द्यायचं नाही असंच तुम्ही म्हणताय. आणि सिस्टीम म्हणते एक द्या. मग भांडण होणारच की.”

यांनी पाटी पुसून लिहिलं, ‘मग वाटीत काय घालायचं?’

ते मात्र मला कळेना. खरं सांगते, इतकं कळूनही पुढचं कळेना. मला वाटलं, कंसात सिस्टीमसारखंच लिहावं. मग वाटलं, चूक झाली तर? फलक पुसून एकदा तोंड पोळलं होतं. तोवर शिक्षिका विरजण घेऊन आली. मी ते वाटीत घेतलं आणि तिला म्हटलं, बाई, उद्यापासून मी जिन्यावर वाटी ठेवणार नाही, तुला हाक मारत जाईन. आणि ते बोलता बोलताच वाटलं, वाटी ठेवायचीच कशाला? सिस्टीमच्या फाईलीत सगळं नीट लिहिलेलं आहे, आणि आमचा प्रोग्रॅम ती फाईल वाचतोच, वर तसं लिहिलंय. मग आपण परत कशाला सांगायचं? एकदा सांगितलेलं बास नाही का? जुन्या काळी लागत असेल, आता नाही लागत.

भीत भीत त्या ओळीपुढं दोन तिरक्या रेघा दिल्या. मोडून टाकली नाही, हो. ‘मेक.’

‘गेट-एन्व्ह’ गेलं! आणि तसंच दुसरं नाव आलं. मी घाबरले, पण बघते तर तीच गोष्ट, तसाच रिकामा कंस, दुसऱ्या फाईलीत. त्यालाही रेघा. मग तिसरं. ज्यानं लिहिलं होतं तो माणूस घरोघरी रिकाम्या वाट्या ठेवून गेला होता. मी एकेक उचलत गेले. मधे एका ठिकाणी उचलायची नव्हती ती उचलली, तर परत लाल झालं, परत ठेवली. ती का ठेवावी लागली, ते मला आजपर्यंत माहीत नाही. तिला हात लावत नाही.

मग दळण सुरू झालं आणि न अडखळता शेवटपर्यंत गेलं. मी एंटर दाबलं.

“मावशी, चहा झाला का?” लॅपटॉप पत्र्याच्या आवाजात म्हणाला.

त्या मुलीनं आवाज चालतो का ते बघायला ते वाक्य घालून ठेवलेलं होतं, मी विसरूनच गेले होते. हे खाटेवर उठून बसायला गेले, प्लॅस्टर विसरून. मी धावत लॅपटॉप यांच्या मांडीवर ठेवला. एवढ्या दिवसांनी आवाज आला तर माणूस काय बोलेल, मी वाट बघत होते. यांनी दोन बोटांनी सावकाश टाईप केलं.

“फलक पुसायचा नव्हता,” हे म्हणाले.

त्या वेळी ना गुरुवार होता ना बाजार. मी भाच्याला फोन लावला, म्हटलं असशील तिथून घरी जा. तो शेतात होता, झोडणी टाकून पळाला, धापा टाकत असलेला ऐकू येत होता. “आय, मामा!” असं ओरडला आणि फोन तिच्या कानाला लावला.

हे टाईप करत होते. चुकत होतं, पुसत होते. मग लॅपटॉप बोलला, “आक्का, मी हाय.”

पलीकडून फक्त भाच्याची धाप.

नवा लॅपटॉप जरा भरभर बोलतो, आवाजही केसभर वरचा लागतो, ते माझ्या तेव्हाच कानाला लागलं. म्हटलं, आता हिला पटलं नाही तर? सगळ्या वाट्या उचलून झाल्या, आता उचलायला काही राहिलेलं नाही.

“लई घाईत हाय आज,” आक्का म्हणाली. “गाडी सुटायलीय का तुजी?”

यांनी टाईप केलं, “पाय मोडला.”

“त्ये म्हाइतीय. पाय काय बोलायला लागतो का?” मग एकदम आवाज चढला. “इतके दिस कुटं मेला हुतास?”

“मशीन मेलं हुतं.”

“मंग त्येचं सुतक पाळा. मला कशाला पाळायला लावलंत?” आणि मग ती रडली, आणि रडतारडताच भाच्यावर ओरडली, “काय बघतोस? भाकर आन.”

हे पुढचं वाक्य टाईप करायला लागले. यांना वेळ लागतो, एकेक अक्षर शोधावं लागतं. पूर्वी गुरुवारी ही मधली वेळ आली की आक्का म्हणायची, झोपला का, बोल की, बोल की. त्या दिवशी काही म्हणाली नाही. मी फोन कानाजवळ नेला, तुटला की काय म्हणून. तुटला नव्हता. पलीकडून सावकाश, बिनदाताच्या तोंडानं भाकरी चावल्याचा आवाज येत होता.